एक्कावन्नावा कागद

मुखरू लोनबलेचं डोकं सटकायला काही मोठं कारण लागत नाही. लाईन गेली की सटकतं, शाई घट्ट झाली की सटकतं, अन् सकाळी सकाळी कोणी दारातूनच "भाऊ, पत्रिका झाली काय?" असं ओरडलं तर मग विचारूच नका. पण एकदा का रबरी पट्टी हातात घेऊन छपाईच्या जाळीवर वाकला, की हा माणूस तासन् तास तोंड उघडत नाही. रंभाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणते की नवरा सुधारायचा असेल तर त्याला काम मिळत राहायला पाहिजे. नेमकं तेच मिळत नव्हतं.

सिंदेवाहीच्या बसस्टॅंडामागच्या गल्लीत त्याचं दुकान. वर पाटी 'न्यू लक्ष्मी स्क्रीन प्रिंटर्स'. ही पाटी त्याची नव्हे. दुकान आधी एका शेठजीचं होतं. मुखरू सोळाव्या वर्षी तिथं जाळ्या धुवायला लागला, अन् शेठजी मुलाकडे नागपूरला गेले तेव्हा दुकान त्यानं घेतलं. पाटी तशीच ठेवली, कारण गिऱ्हाईक पाटीला ओळखत होतं, मुखरूला नाही. झालं काय, की छत्तीस वर्षं या माणसानं अर्ध्या तालुक्याची नावं छापली, नवरदेवांची, नवरींची, आत्या-मामांची, गडचांदूरच्या सिमेंटवाल्यांसाठी कॅलेंडरंसुद्धा काढली. पण सगळ्यांच्या खाली बारीक अक्षरात 'न्यू लक्ष्मी'. त्याचं स्वतःचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, 'चि. मुखरू' म्हणून, स्वतःच्या लग्नपत्रिकेत. तीही त्यानंच छापली होती.

अन् आता तर पत्रिकाच बंद पडल्या. समोर विक्कीचं फ्लेक्सचं दुकान आलं. तो पोरगा खुर्चीतून न उठता दहा फुटांचा नवरदेव छापून देतो. बाकीची लग्नं मोबाईलवर येतात, त्यात गाणंही वाजतं. मुखरूला त्या गाण्याचा इतका राग, की दोन जवळच्या लग्नांना तो त्यापायी गेलाच नाही.

अशात श्रावणात एक दिवस दिव्यानी आली. भात संशोधन केंद्रातल्या मेश्रामबाबूंची मुलगी, नागपूरला चित्रकला शिकलेली. लहानपणी याच दुकानातून रद्दी कागद घेऊन जायची. तिनं काखेतली गुंडाळी सोडली अन् टेबलावर चित्र पसरलं. त्रिकोण, चौकोन, एक अर्धा गोल, सहा रंग. पिवळ्याच्या पोटात काळा घुसलेला, अन् दोघांच्या मध्ये दोऱ्याएवढी पांढरी फट.

मुखरूनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे काय हाय, पोरी?"

"काही नाही, काका. आकार आहेत."

"आकार तं दिसून राह्यले. पण कायचे?"

"कशाचेच नाहीत. नुसते आकार."

तेवढ्यात विक्की डोकावला. "काका, शंकरपाळे छापता काय? दिवाळीले टाइम हाय अजून!" मुखरूनं त्याला अशी काही शिवी हासडली की तो हसत हसतच परत गेला. दिव्यानीही हसली. मग तिनं नीट समजावून सांगितलं. नागपूरच्या एका गॅलरीत तिचं पहिलं प्रदर्शन होतं. दोन वर्षं ती त्यासाठी राबत होती. या चित्राच्या पन्नासच प्रती काढायच्या, हातानं, जाळीतून, एकेक रंग वेगळा. कॉम्प्युटरवरची छपाई गॅलरीला चालत नव्हती. नागपूरला दोघा छापणाऱ्यांना विचारलं तर त्यांनी जाळ्या भंगारात घातलेल्या.

"पन्नासच काऊन? इतका खटाटोप अन् पन्नास? पाचशे काढतो ना मी."

"नाही काका, पन्नासच. मग जाळ्या धुऊन टाकायच्या. एक्कावन्नावा जगात नसला पाहिजे, त्यातच तर सगळी मजा आहे. प्रत्येकावर नंबर घालीन मी, एक ते पन्नास."

जन्मभर 'शंभर घेता तर दोनशे घ्या, स्वस्त पडते' म्हणत आलेला माणूस हा. त्याच्या डोक्यात ते काही शिरेना. तो नाही म्हणायच्या बेतात होता. पण जाता जाता पोरगी म्हणाली, "अन् मागच्या लेबलवर तुमचं नाव असतं, काका. चित्र माझं, छपाई तुमची. 'छपाई : मुखरू लोनबले, सिंदेवाही'. असा नियमच असतो त्यांचा."

मुखरूनं तिला हातानं थांबवलं. मग म्हणाला, "दुकानाचं नाव?"

"दुकानाचं नाही. तुमचं."

"कागद कधी आणतं?" त्यानं विचारलं.

कागद आला साठ ताव, गोधडीसारखा जाड, सुती. मुखरूनं आयुष्यात असा कागद हाताळला नव्हता. अन् मग त्या कागदानं त्याला जे छळलं! भादव्याची दमट हवा. पिवळा रंग बसवला, रात्रभर वाळवला, सकाळी लाल बसवायला गेला तर कागद पाणी पिऊन केसभर वाढलेला. लाल सरकला. फेकला तो ताव. दुसरा घेतला, तोही सरकला. "तुह्या मायचा कागद!" मुखरू किंचाळला तेव्हा बाहेर उभी असलेली म्हैससुद्धा दचकली. मग त्यानं दुकानात चार मोठे बल्ब लावले, दारं लावून घेतली, रंभाबाईला सांगितलं की आत फोडणी नाही घालायची, वाफ नाही करायची, ओलं लुगडं घेऊन यायचं नाही. दुकानामागेच त्यांचं घर, म्हणजे सात दिवस बिचारीनं अंगणात चूल मांडली. बल्ब लागले की लाईन जायची. लाईन आली की पाऊस यायचा. मुखरूच्या नाकी नऊ आले.

पण ती दोऱ्याएवढी पांढरी फट! काळा रंग शेवटचा. तो पिवळ्यावर चढला तर चित्र गेलं, लांब राहिला तरी गेलं. मुखरू श्वास रोखून पट्टी ओढायचा, जाळी उचलायचा, अन् ती फट तिथं जशीच्या तशी. पहिला संपूर्ण कागद निघाला तेव्हा त्यानं तो उजेडाकडे धरला अन् कितीतरी वेळ पाहत राहिला. "रंभे, इथी ये वं," त्यानं हाक मारली. ती आली. "हे पाह्य. कोणाच्या बापाले जमत नाई हे."

"कशाचं चित्र हाय पण?"

"कशाचंच नाई. नुसते आकार."

रंभाबाईनं मान डोलवली अन् जे छत्तीस वर्षं होत आलं तेच केलं. आता हे या दुकानातलं सांगायला पाहिजे. जाळीतून निघणारी पहिली पत्रिका गिऱ्हाइकाची नसते, देवाची असते. चार कोपऱ्यांना हळद, मध्ये कुंकू, अन् दुकानातल्या लक्ष्मीच्या फोटोखाली टाचणीनं लावायची. दोनशेची ऑर्डर असली की मुखरू दोनशे एक छापायचा. देवाची एक मोजायची नसते. गिऱ्हाइकाला हे माहीत असायचं, तो काही बोलायचा नाही. उलट कोणी नवखा छापणारा हे विसरला तर घरचे म्हातारे त्या पत्रिका घ्यायला तयार नसत. तर रंभाबाईनं त्या जाड कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदीची बोटं लावली, खालच्या पांढऱ्या जागेत कुंकू लावलं, अन् कागद लक्ष्मीखाली गेला. मुखरूनं हात जोडले. साठातले नऊ वाया गेले होते, एक देवाला दिला, बाकी बरोबर पन्नास. त्याला तर वाटलं, देवानंच हिशेब जुळवून दिला.

दिव्यानी आली, पन्नास कागद पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानातच बसून पेन्सिलीनं तिनं नंबर घातले, सह्या केल्या. नऊ खराब ताव तिनं स्वतः फाडले. मुखरूनं जाळ्या तिच्यासमोर घासून साफ केल्या. देवाकडे तिचं लक्ष गेलं नाही अन् मुखरूला सांगावंसं वाटलं नाही. सांगायचं काय त्यात? जेवणाआधी हात धुतले हे कोणी सांगतं काय? निघताना ती म्हणाली, "काका, उभे राहा, फोटो काढते. प्रदर्शनात लावू, छपाई करणारे म्हणून." मुखरूनं घाईनं केसांना पाणी लावलं, पट्टी हातात धरली अन् छाती काढून उभा राहिला.

त्या फोटोनंच घात केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिव्यानी स्कूटीवरून आली ती चेहरा पाडून. आली तशी सरळ लक्ष्मीच्या फोटोखाली जाऊन उभी राहिली. "हा कुठून आला, काका?"

"कुठून म्हंजे? पहिला हाय तो. देवाचा."

"काका, हा एक्कावन्नावा आहे."

"नाई वं! देवाचा मोजत नसते."

गॅलरीच्या व्यवस्थापकानं, प्रवीण नावाच्या माणसानं, फोटोत मुखरूच्या खांद्यामागं हा कागद पाहिला होता. हमीपत्रं छापून झाली होती, 'या चित्राच्या जगात पन्नासच प्रती आहेत' म्हणून. आता तो म्हणत होता की एक तर हा कागद नष्ट करा, नाही तर दिव्यानीचं काम प्रदर्शनातून काढतो. मुखरूला आधी हसूच आलं. मग कळलं की पोरगी हसत नाहीये. "लाव फोन त्याले," तो म्हणाला.

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. प्रवीण काही उर्मट माणूस नव्हता, खरं तर गोडच बोलत होता, अन् त्यानंच मुखरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुखरूभाऊ, तुमची श्रद्धा मी समजू शकतो. पण आम्ही लोकांना लिहून दिलंय, जगात पन्नासच आहेत."

"तं देव जगात येते काय?"

"भाऊ, प्रश्न तो नाही."

"तोच हाय! मी काय विकून राह्यलो त्याले? देव विकून राह्यला काय? त्याच्यावर हळद लागली, कुंकू लागलं, कोण घेते तो? नंबर नाई, सही नाई!"

"आज नाही विकणार. उद्या? अन् माफ करा, पण उद्या कोणी विचारलं की एक ठेवला तर दहा कशावरून ठेवले नाहीत, तर मी काय सांगू?"

मुखरूच्या कानशिलाची शीर उडायला लागली. छत्तीस वर्षांत त्यानं कोणाची एक पत्रिका जास्त छापून ठेवली नव्हती. लोकांनी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे विश्वासानं छापायला दिल्या होत्या, अन् खराब झालेला कागदसुद्धा त्यानं मास्तरासमोर चुलीत घातला होता. अन् हा फोनमधला माणूस, ज्यानं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याला चोर म्हणत होता. गोड आवाजात.

"असं करू ना," तो कसंबसं म्हणाला, "पन्नासातला एक फाडा. मंग पन्नासच राहतात."

"त्यांना नंबर पडलेत, भाऊ. सातांना तर गिऱ्हाईकही ठरलं."

"बरं, मंग शिरवून टाकतो," आतून रंभाबाई बोलली. ती दारात येऊन उभी होती, पदर खोचून. "देवाचं असंच नष्ट करतात. बोडीत शिरवतो मी, नेहमीसारखं. पाण्यात गेलं, संपलं." बोडी म्हणजे गावाबाहेरचं छोटं तळं, घरातलं निर्माल्य तिथंच जायचं.

"बाई, पाण्यात टाकलेला कागद काढून वाळवता येतो. हा तर सुती आहे. फाडतानाचा व्हिडिओ पाहिजे मला. दोन तुकडे नकोत, चार करा."

रंभाबाई फोनकडे अशी बघत राहिली जणू त्यातून विंचू निघाला. "देवाले दिलेलं फाडा म्हणते हा माणूस? माय वं!"

दिव्यानीनं फोन बंद केला. "काका, मी नाही म्हणत फाडा. तुमचं मन नसेल तर नका फाडू. मी काढून घेते चित्रं."

"अन् प्रदर्शन?"

"पुढं कधीतरी."

तिनं ते सहज म्हटलं, पण मेश्रामबाबूंनी आठ दिवसांपासून अख्ख्या वसाहतीत निमंत्रणं दिली होती, हे मुखरूला माहीत होतं. अन् खोटं कशाला सांगायचं? त्या घडीला त्याला पोरीपेक्षा आणखी एक गोष्ट जास्त आठवली. लेबल. 'छपाई : मुखरू लोनबले'. प्रदर्शनाच्या भिंतीवर, कोणाकोणाच्या घरात, मुंबईला, कुठं कुठं. पन्नास ठिकाणी. ते जायला निघालं होतं, एका कागदापायी.

त्यानं उठून टाचणी काढली.

"अवो, काय करता?" रंभाबाई म्हणाली.

"तू आत जाय."

ती गेली नाही. तिथंच उभी राहिली. मुखरूनं कागद कपाळाला लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, अन् दिव्यानीला म्हणाला, "काढ व्हिडिओ." मग फाडायला घेतला. तो कागद फाटेना. सुती कागद, गोधडीसारखा. जोर लावला तसा वेडावाकडा, धागे सोडत, हळू हळू फाटत गेला. पिवळा फाटला, ती पांढरी फट फाटली, काळा फाटला. हळदीचं बोट त्याच्या अंगठ्याखाली चुरगळलं. दोन झाले. चार करायचे होते. त्यानं दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले, अन् ती झटापट व्हिडिओत दिसत होती, याचाही त्याला संताप आला.

दोन मिनिटांत प्रवीणचा निरोप आला. 'छान. आभारी आहे. जमल्यास तुकडेही कुरिअर करा.'

"तुकडे?" मुखरू ओरडला. "तुकडे पाह्यजे त्याले? माही बोटं पाठवू काय संगं?"

रंभाबाई पुढं झाली. तिनं चारही तुकडे उचलले, जमिनीवर पडलेले धागेसुद्धा वेचले, पदरात बांधले अन् बोडीच्या रस्त्याला लागली. तिला अडवायची कोणाची छाती नव्हती. दिव्यानी म्हणाली, "मी सांगते त्यांना, व्हिडिओवर भागवा. नाही ऐकलं तर बघू." मग पिशवीतून तिनं एक पाकीट काढलं. त्याचा मूड जरा बरा व्हावा म्हणूनच काढलं असणार. "हे बघा, काका. लेबलं आली. आज तुमच्यासमोर लावावीत म्हणून आणली होती."

पन्नास लेबलं. पांढऱ्या कागदावर काळी, सुबक अक्षरं. वर चित्राचं नाव, खाली दिव्यानी मेश्राम, अन् शेवटच्या ओळीत तो. मुखरूनं एक लेबल हातात घेतलं. चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षरं नीट होती, शाई सारखी लागली होती, समास बरोबर होता. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची त्याची खोड, पण चूक नव्हती. त्याचं नाव चांगलं दिसत होतं. किती चांगलं दिसत होतं! त्यानं लेबल परत पाकिटात सरकवलं.

"नको लावू," तो म्हणाला.

"काय?"

"माहं नाव नको लावू याच्यावर."

"काका! तुम्हीच तर... तुम्हाला नाव पाहिजे होतं ना?"

"पाह्यजे होतं. लय पाह्यजे होतं. त्याच्यासाठीच फाडला मी तो, तुह्यासाठी नाई. आता सांगतो तुले." त्याचा आवाज चढला, पण रागावायला समोर कोणी नव्हतं, फक्त ती पोरगी, अन् तिचा काही दोष नव्हता. "देवाले दिलं अन् माह्या नावापायी परत घेतलं मी. पन्नास घरी लटकन ते. दरवेळी मले आठवन."

"पण नियम आहे काका, छपाई करणाऱ्याचं नाव लागतं. अन् छापून झालीत."

"मंग झाकतो. छापलेलं झाकता येते."

दिव्यानी रडायला लागली. त्यानं तिला रडू दिलं. काळ्या शाईचा डबा उघडला, बारीक ब्रश घेतला, लोखंडी पट्टी घेतली, अन् पाकिटातली लेबलं टेबलावर ओळीनं मांडली. पहिल्या लेबलावर त्यानं पट्टी ठेवली, श्वास रोखला, अन् शेवटच्या ओळीवरून ब्रश ओढला.

रंभाबाई बोडीवरून ओल्या पायांनी परत आली तेव्हा अर्धी झाली होती. काय चाललंय ते तिनं पाहिलं. एकेक लेबल उचलून दोरीवर वाळत घालायला लागली. दिव्यानीही डोळे पुसून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पन्नासच्या पन्नास नावं मुखरूनं आपल्या हातानं झाकली, अन् एकही रेघ वाकडी गेली नाही.